लॉनमध्ये वसंतातले कंद: लावण्याआधी गवत कधी कापणार ते ठरवा

पहिल्या वर्षी मी सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम केलं आणि मे महिन्यातल्या एका रविवारी वीस मिनिटांत त्याची माती केली. साठ डॅफोडिल लावले होते, साठच्या साठ फुलले. फुलं गेल्यावर पानं लोळायला लागली, गवत गुडघ्याकडे निघालं, आणि त्यातच पाहुणे यायचे ठरले. मी मशीन काढलं आणि लॉन चकचकीत करून टाकलं. पुढच्या वसंतात पानं आली, तीही काडीसारखी. फुलं मोजून तीन.

गवतात कंद लावण्याबद्दल बहुतेक सगळे सांगतात ते लावायचं कसं, खड्डा किती खोल, अंतर किती. हे सगळं खाली येईलच. पण लावणी ही एका दुपारची गोष्ट आहे. फुलं दरवर्षी येणार की एकदाच, हे ठरतं फुलं गेल्यानंतरच्या सहा आठवड्यांत, तुम्ही गवताला हात लावता की नाही यावर. म्हणून या लेखात मी उलटीकडून सुरुवात करते: आधी कापणी, मग जागा, मग कंद.

१. तुमच्याकडे थंडी पुरेशी पडते का?

क्रोकस, डॅफोडिल, ट्युलिप, स्नोड्रॉप हे सगळे थंडी खाऊन फुलणारे कंद आहेत. साधारण १२ ते १६ आठवडे जमीन ९ अंश सेल्सियसच्या खाली राहिली, तरच आतली कळी नीट लांबते आणि वर येते. जिथे हिवाळा म्हणजे पहाटे शाल आणि दुपारी पंखा, तिथे हे कंद जमिनीत लावून उपयोग नाही. पानं येतात, फूल येत नाही, आणि पुढच्या वर्षी पानंही येत नाहीत.

अशा ठिकाणी काही जण कंद फ्रीजमध्ये तेवढे आठवडे ठेवून मग कुंडीत लावतात. ते जमतं, पण एका हंगामापुरतं. करायचं असेल तर कंद कागदी पिशवीत ठेवा आणि त्याच कप्प्यात सफरचंद किंवा पिकणारं दुसरं फळ ठेवू नका. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. लॉनसाठी मात्र हा खटाटोप करू नये. उष्ण प्रदेशात गवतात फुलं हवी असतील तर पावसाळी लिली लावा. पहिल्या पावसानंतर ती आपणहून उगवते आणि तिला थंडीची काही पडलेली नसते.

यापुढचं सगळं थंडी असलेल्यांसाठी.

२. जागा ठरवा, पण गवत कापायचं मशीन डोळ्यांसमोर ठेवून

कागदावर तुमच्या लॉनचा ओबडधोबड नकाशा काढा. ज्या भागावर मुलं खेळतात, कपडे वाळत घालायला रोजची ये-जा आहे, किंवा जो भाग तुम्हाला एप्रिलपासून आखीवरेखीव हवा आहे, तो आधी खोडून टाका. उरलेल्या भागात कंद.

मला सगळ्यात सोयीच्या वाटलेल्या जागा या: पानगळ होणाऱ्या झाडाखालचं गवत, कुंपणालगतचा पट्टा, उतार, आणि लॉनचे कोपरे, जिथे तसंही मशीन वळवताना जीव जातो. पानगळीचं झाड तर उत्तमच, कारण कंद फुलतात तेव्हा फांद्या उघड्या असतात आणि ऊन थेट खाली पोहोचतं. झाडाला पालवी फुटून सावली दाट होईपर्यंत कंदांचं काम बरंचसं उरकलेलं असतं.

लॉनच्या मध्यभागी इकडे चार, तिकडे सहा असे कंद टाकू नका. फुलं आली की छान दिसतात, पण नंतर दीड-दोन महिने त्या प्रत्येक पुंजक्याला वळसा घालून मशीन चालवावं लागतं. दोन आठवड्यांत तुम्ही कंटाळता आणि सरळ कापून मोकळे होता. त्यापेक्षा एक मोठा, सलग, गोलसर कडांचा भाग सोडा. त्याच्या भोवतीचं गवत नियमित कापलं, तर मधलं वाढलेलं गवत मुद्दाम राखल्यासारखं दिसतं. नाहीतर शेजारच्यांना वाटतं, या घरात कोणी राहत नाही.

निचराही पाहा. एक फूटभर खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर बहुतेक कंद तिथे सडतील. अपवाद पुढे सांगते.

आणि गवत कोणत्या जातीचं आहे तेही बघून घ्या. जाड, जोमाने वाढणाऱ्या गवतात छोटे कंद दबून जातात. माझ्याकडे सर्वांत चांगले क्रोकस आले ते जिथे गवत विरळ आणि जमीन जरा हलकी होती तिथेच. खत घालून पोसलेल्या हिरव्यागार तुकड्यात ते अक्षरशः हरवले.

३. आता कंद निवडा

इथे एकच प्रश्न स्वतःला विचारा: वसंतात गवत कधीपर्यंत न कापता मला चालेल?

*एप्रिल संपेपर्यंत किंवा मेच्या सुरुवातीपर्यंतच थांबू शकत असाल* तर लवकर फुलणारे छोटे कंद घ्या. स्नोड्रॉप जानेवारी-फेब्रुवारीत येतो, क्रोकस फेब्रुवारी-मार्चमध्ये. क्रोकसमध्ये टोमॅसिनियानस ही बारीक, फिकट जांभळी जात गवतात फार सहज पसरते. तिच्या पाकळ्या इतक्या पातळ असतात की एका जोरदार सरीने आडव्या होतात, तरी मला ती सगळ्यात लाडकी. टपोरी फुलं हवी असतील तर व्हर्नस जातीचे, ज्यांना डच क्रोकस म्हणतात, ते घ्या. ते गवतातून डोकं वर काढून उभे राहतात. क्रोकसची फुलं ऊब लागली की उघडतात आणि गारठ्यात मिटतात, त्यामुळे सकाळी-दुपारी ऊन येईल अशीच जागा त्यांना द्या. सावलीत लावाल तर महिनाभर फक्त मिटलेल्या कळ्याच पाहाल. निळा रंग हवा असेल तर सिला आणि चिओनोडॉक्सा. दोन्ही वीतभरही उंच होत नाहीत आणि आपलं बी आपणच टाकत पसरतात.

*जूनच्या मध्यापर्यंत थांबायची तयारी असेल* तर डॅफोडिल. मात्र गवतासाठी मोठी, दुहेरी पाकळ्यांची फुलं घेऊ नका. ती पावसाने जड होऊन तोंडावर पडतात, आणि त्यांची पानंही लांब, जाड, बराच काळ लोळणारी असतात. ‘टेट-आ-टेट’, ‘जेटफायर’, ‘फेब्रुवारी गोल्ड’ अशा बुटक्या जाती घ्या. पानं आखूड, त्यामुळे पसाराही कमी.

*जुलैपर्यंत थांबू शकत असाल,* म्हणजे तुम्हाला लॉनचा तो भाग कुरणच करायचा असेल, तर दोन कंद आणखी. एक फ्रिटिलारिया मेलेआग्रिस, ज्याच्या खाली झुकलेल्या घंटेवर जांभळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, जणू कोणी बुद्धिबळाचा पट छापलाय. दुसरा कॅमासिया, निळ्या फुलांचे उंच तुरे. मघाशी म्हटलेले अपवाद हेच: ओलसर जमीन दोघांनाही मानवते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या कुरणात आणि क्रिकलेडच्या नॉर्थ मेडोमध्ये फ्रिटिलारिया हजारोंनी फुलतात. दोन्ही जागा नदीकाठच्या, पुराचं पाणी येणाऱ्या आहेत, आणि क्रिकलेडला बी पिकून पडल्यावरच गवत कापतात.

आता काय घेऊ नये ते. ट्युलिपचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ट्युलिपच्या रानटी जाती मध्य आशियातल्या डोंगरांतल्या. तिथे उन्हाळ्यात जमीन भाजून निघते आणि कंदाला ते कोरडेपण हवं असतं. लॉनमध्ये उन्हाळाभर ओल असते, वर गवताची मुळं अंगाला अंग लावून. बहुतेक संकरित ट्युलिप पहिल्या वर्षी झकास येतात, दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी नुसतं एक रुंद पान. नेदरलँड्समधल्या कॉकनहॉफ बागेचे फोटो पाहून कोणी लॉनमध्ये ट्युलिप लावणार असेल तर एवढं लक्षात घ्या: तिथे दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने नव्याने लावतात आणि हंगाम संपला की काढून टाकतात. गवतात टिकणारा ट्युलिप हवाच असेल तर सिल्व्हेस्ट्रिस ही पिवळी रानटी जात करून बघा.

मस्कारी, म्हणजे निळ्या द्राक्षांच्या घोसासारखं फूल, दिसायला गोड, पण त्याची पानं शरदातच वर येतात. म्हणजे गवताची शेवटची कापणी करताना तीच आधी छाटली जातात. ते वाफ्यात लावा, लॉनमध्ये नको.

आणि एक नावाचा घोळ. ‘ऑटम क्रोकस’ या नावाने कधी कधी कोल्चिकम विकतात. तो क्रोकस नव्हेच, फुलतो शरदात, आणि त्याच्यातलं कोल्चिसिन जीवघेणं विष आहे. आपलं केशर ज्याच्यापासून मिळतं तो क्रोकस सॅटिव्हससुद्धा शरदातच फुलतो, त्यामुळे हा गोंधळ साधासुधा नाही. घरचं केशर काढायच्या हौसेने कोणी नावाच्या भरवशावर कंद आणू नयेत.

४. कंद हातात घेऊन बघा

चांगला कंद मुठीत दाबला तर घट्ट लागतो आणि आकाराच्या मानाने जड वाटतो. बुडाशी, जिथून मुळं फुटतात तिथे, अंगठ्याने दाबा. मऊ लागलं तर बाजूला काढा, डॅफोडिलमध्ये सड बहुधा बुडापासूनच सुरू होते. वरचं टरफल सुटलं असेल तर हरकत नाही. निळसर बुरशीचा हलका थर असेल आणि कंद कडक असेल तर पुसून लावता येतो.

छोट्या स्वस्त कंदांची मोठी पिशवी घेण्यापेक्षा मोठ्या आकाराचे कमी कंद घ्या. कंदाचा आकार म्हणजे त्याची शिदोरी. लहान कंद पहिलं वर्ष नुसता वाढण्यात घालवतो, आणि गवताशी झटापट करता करता बरेचदा तेही जमत नाही.

स्नोड्रॉपचं तंत्र वेगळं. त्याचे कंद इवलेसे आणि पटकन सुकणारे. पाकिटातले कोरडे कंद मी दोनदा लावले, दोन्हीदा निम्म्याहून जास्त आलेच नाहीत. ते फूल संपल्यावर पानांसकट उपटलेले, मुळं ओली असलेले मिळतात. तेच घ्या आणि त्याच दिवशी लावा.

आणलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नका. त्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली होती. मी कागदी पिशवी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले, परत येते तर आईच्या एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात डॅफोडिल.

“अगं, हे कसले ग कांदे? टरफल निघतंय तसंच, पण वासच नाही.”

“आई, ठेव ते! विषारी आहेत!”

“मग ओट्यावर कशाला ठेवलेस?”

याला उत्तर नव्हतं. डॅफोडिलच्या कंदात लायकोरिन असतं, खाल्लं तर उलट्या आणि पोटात कळा. लोकांनी कांदा समजून शिजवल्याच्या घटना झालेल्या आहेत. कुत्र्या-मांजरांनाही ते बाधतं. शिवाय या कंदांच्या आणि देठांच्या रसाने काहींच्या हाताला खाज सुटून पुरळ येतं, म्हणून हातमोजे घालूनच हाताळा. कंद गार, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून.

५. काय काय लागेल

- हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी किंवा गोणपाट
- गवत मुळांसकट कापायला सपाट धारदार पात्याचं फावडं
- कंद लावायचं नळीसारखं अवजार, लांब दांड्याचं आणि पायाने दाबता येईल असं
- छोट्या कंदांसाठी खुरपं
- काट्यांचं फावडं, खालची माती मोकळी करायला
- चिकणमाती असेल तर जाड वाळू किंवा बारीक खडी
- खारी असतील तर तारेची जाळी आणि ती ठोकायला आकडे
- मोबाइल, फोटोसाठी. हे गमतीने म्हणत नाही, कारण पुढे येतंय.

हाताने दाबायचं छोटं नळीचं अवजार मात्र घेऊ नका. मऊ वाफ्यात ते चालतं. गवताच्या मुळांत आणि घट्ट मातीत दहाव्या कंदाला मनगट भरून येतं आणि विसाव्याला त्याचं हँडल वाकतं.

६. वेळ

उत्तर गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. डॅफोडिल आधी लावा, त्यांची मुळं लवकर सुटतात. क्रोकस आणि बाकीचे छोटे कंद त्याच सुमारास किंवा थोडे नंतर चालतात. पाऊस पडून दोन दिवस झालेत, माती ओलसर आहे पण चिखल नाही, असा दिवस धरा. कडक सुकलेल्या लॉनमध्ये पहार घेऊनही काम होत नाही.

लावायच्या आदल्या दिवशी गवत अगदी बारीक कापून घ्या. खाली काय चाललंय ते दिसतं, आणि कोंब वर येईपर्यंत पुन्हा कापायची घाई राहत नाही.

७. लावणी

*मांडणी.* माझी पहिली मांडणी दोरी लावून केलेली होती, शाळेच्या कवायतीसारखी. फुलं आली तेव्हा लाज वाटली. गवतात फूल आपणहून उगवल्यासारखं दिसायला हवं, आणि आपला हात नेमका उलट, रांगा लावायच्या मागे असतो. म्हणून ओंजळीत कंद घ्या, कमरेच्या उंचीवरून हळूच जमिनीवर सोडा, आणि जिथे पडले तिथेच लावा. एकमेकांना चिकटून पडलेले तेवढे जरा सरकवा. क्रोकसमध्ये चार बोटं आणि डॅफोडिलमध्ये वीतभर अंतर पुरे, पण सगळीकडे सारखं नको. मध्ये दाट, कडेला विरळ, आणि एखाद-दुसरा चुकार कंद दूर गेलेला, तो तसाच राहू द्या. एका ठिकाणी एकच जात लावा. पाच रंगांची मिसळ पाकिटावर शोभते, गवतात ती सांडल्यासारखी दिसते.

*खोली.* कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, हा ढोबळ हिशोब. क्रोकस ८ ते १० सेंटिमीटर, डॅफोडिल १५. हलक्या मातीत अजून थोडं खोल चालेल. उथळ लावलेले डॅफोडिल दोन-तीन वर्षांत फुटून बारीक बारीक होतात आणि फुलणं थांबवतात. मोजताना गवताच्या टोकापासून नव्हे, मातीच्या पृष्ठभागापासून मोजा. मी पहिल्यांदा गवतही धरलं होतं आणि दोन बोटं फसले.

*मोठ्या कंदांसाठी, एकेक खड्डा.* नळीचं अवजार उभं धरा, पायाने दाबा, थोडं फिरवा आणि वर ओढा. मातीची गवतासकट कांडी बाहेर येते. ती तशीच अखंड बाजूला ठेवा. खड्ड्याच्या तळाशी काट्याने किंवा खुरप्याने माती दोनदा टोचा, आणि मग कंद टोक वर, बूड खाली असा ठेवून हलकेच फिरवा, म्हणजे बूड मातीला टेकेल. हे फिरवणं महत्त्वाचं. नळीच्या खड्ड्याचा तळ सपाट आणि घट्ट असतो, कंद त्याच्या कडांना अडकून अधांतरी राहतो, खाली पोकळीत पाणी साचतं आणि कंद कुजतो. माझे एका कोपऱ्यातले कंद का आले नाहीत ते उकरून पाहिलं, तर प्रत्येकाच्या खाली ही पोकळी, आणि त्यात काळपट झालेलं कंदाचं बूड. मग वरची कांडी खालून थोडी कुस्करून माती भरा, गवताचा भाग वर बसवा, आणि टाचेने दाबा. कंदावर नाचू नका, एकदा दाबणं पुरे.

*छोट्या कंदांसाठी, गवताची घडी.* क्रोकसचे दोनशे खड्डे कोणी करत नाही. फावड्याने गवतात इंग्रजी ‘एच’च्या आकाराचे काप द्या: समोरासमोर दोन समांतर, आणि त्यांना जोडणारा मधला एक. मधल्या कापापासून फावडं आडवं घालून दोन्हीकडचं गवत साधारण ५ सेंटिमीटर जाडीच्या थरासकट सोलत न्या आणि पुस्तकाची पानं उघडावीत तसं दोन बाजूंना उलटा. आता उघड्या मातीत काट्यांचं फावडं खुपसून ती मोकळी करा. चिकणमाती असेल तर वाळू मिसळा. कंद पसरा, आत रोवा, आणि दोन्ही पानं परत मिटा. सांधे बोटाने दाबून त्यात थोडी माती भरा, पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत काप दिसेनासे होतात.

घडी मिटायच्या आधी एक हिशोब करून घ्या: गवताचा थरच ५ सेंटिमीटर आहे. म्हणजे खालच्या मातीत क्रोकस अजून ३ ते ५ सेंटिमीटर आत हवा. नुसता मातीवर ठेवून वर गवत पांघरलं तर तो उथळ राहतो.

क्रोकसच्या कंदाची वरची आणि खालची बाजू कळली नाही तर आडवा ठेवा, तो आपला मार्ग शोधतो.

*फोटो.* लावून झालं की घराच्या एका ठरावीक खिडकीतून फोटो काढा आणि एखादं झाड, खांब, कुंपण यांच्यापासूनची अंतरं लिहून ठेवा. आठ दिवसांत गवत सगळं झाकून टाकतं. पुढच्या वर्षी आणखी कंद लावताना आधीच्याच कंदांत फावडं घालणं हा अगदी ठरलेला अपघात आहे. कुरकुरीत काकडी चिरल्यासारखा आवाज येतो आणि पोटात धस्स होतं.

८. खारी

खारींना क्रोकस आणि ट्युलिप आवडतात. डॅफोडिल, स्नोड्रॉप त्या सोडून देतात, कारण तेच विष. नुकतीच उकरलेली माती त्यांना लांबूनच कळते. एका संध्याकाळी मी चाळीस क्रोकस लावले आणि सकाळी चहा घेताना पाहते तर एक खार माझ्याच मेहनतीच्या खड्ड्यात बसून, दोन्ही हातांत कंद धरून, तो फिरवत फिरवत साल काढत होती. खाली टरफलांचा ढीग. मी काचेवर टकटक केली तर तिने पाहिलं, आणि पुन्हा खायला लागली.

लाल तिखट पसरण्यावर वेळ घालवू नका, पहिल्या पावसात वाहून जातं. लावल्या लावल्या त्या भागावर तारेची जाळी अंथरा, कडा आकड्यांनी जमिनीत ठोका, आणि वसंतात कोंबांची टोकं दिसायला लागली की काढून घ्या. तोवर माती बसते आणि वासही जातो. पिशवीत गळालेली सुटी टरफलं लॉनवर झटकू नका, ती म्हणजे खारींना आवतणच.

९. हिवाळाभर

फारसं काही नाही. हिवाळ्याआधी शेवटची कापणी करून घ्या. झाडाची पडलेली पानं दाट साचली तर काढा, नाहीतर कोंब त्याखाली पिवळे पडतात. शरदात लॉनला भोकं पाडून हवा खेळती ठेवायची तुमची सवय असेल तर कंदांचा भाग वगळा, ते दाते सरळ कंदातून जातात. घरी आपोआप फिरणारं रोबोट मशीन असेल तर त्याच्या नकाशातून हा भाग आत्ताच काढून टाका. मार्चमधल्या एखाद्या उबदार दिवशी ते निघालं, तर बोटभर कोंबांना तुमच्याआधी तेच भेटेल.

१०. फुलं गेल्यावरचे सहा आठवडे

फूल सुकलं म्हणजे हंगाम संपला असं वाटतं. कंदाचा हंगाम तेव्हा सुरू होतो. पानं उन्हात अन्न तयार करून खाली कंदात साठवतात, आणि डॅफोडिलमध्ये तर ही पानं पिवळी पडत असतानाच आत पुढच्या वर्षीची कळी धरायला लागते. त्या काळात पानं कापली की कंद उपाशी. मी नेमकं तेच केलं होतं.

शेवटचं फूल गेल्यापासून किमान सहा आठवडे कापायचं नाही. कॅलेंडरवर तारीख लिहा, घरातल्या इतरांनाही सांगा, आणि लॉन कापायला बाहेरून कोणी येत असेल तर त्यांना दोन वेळा सांगा. पानं पिवळी होऊन हाताने ओढल्यावर सहज सुटायला लागली की समजा झालं. क्रोकसला हे मेच्या सुरुवातीला होतं, डॅफोडिलला जून उजाडतो.

काही जण पसारा नको म्हणून पानांच्या गाठी मारतात किंवा रबर लावून जुड्या बांधतात. दिसायला नीटनेटकं, पण पानांना ऊन लागत नाही. ती लोळतात तर लोळू द्या.

डॅफोडिलची सुकलेली फुलं खुडा, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. देठ मात्र हिरवा आहे तोवर राहू द्या. क्रोकस, सिला आणि फ्रिटिलारियाची फुलं खुडू नका, त्यांना बी टाकू द्या. क्रोकसची गंमत अशी की त्याचा बीजकोश जमिनीखाली तयार होतो आणि फूल गेल्यावर कितीतरी दिवसांनी गवताच्या बुडाशी वर येतो, तांदळाच्या फुगलेल्या दाण्यांच्या पुडीसारखा. वाकून गवत बाजूला केल्याशिवाय तो दिसतही नाही. त्याच्या आधी कापणी झाली तर पसरणं थांबतं.

खत द्यायचं तर याच काळात, पोटॅश जास्त असलेलं, टोमॅटोला देतात तसं, पाण्यात पातळ करून. वसंतात लॉनला घालतात ते नत्राचं खत या भागात नको. त्याने गवत माजतं आणि कंद गुदमरतात. तण मारायचं औषधही पानं हिरवी असेपर्यंत मारू नका.

सहा आठवड्यांनंतरची पहिली कापणी मशीनचं पातं सगळ्यात वर ठेवून करा, कापलेलं गवत उचला, आठवड्याने पातं एक टप्पा खाली आणा. एकदम तळाशी कापलं तर गवत पिवळट, टक्कल पडल्यासारखं दिसतं आणि तुम्हाला वाटतं लॉन मेलं. मेलेलं नसतं, महिन्याभरात हिरवं होतं.

११. फुलं कमी झाली तर

नुसती पानं येत असतील तर शक्यता या क्रमाने तपासा. गेल्या वर्षी लवकर कापलं का? उथळ लावले होते का? वसंतात पाऊसच झाला नव्हता का? कोरड्या वसंतात पानं हिरवी असताना एक-दोनदा भरपूर पाणी दिलं तर फरक पडतो. आणि पाचसहा वर्षं झाली असतील तर गर्दी. तसं असेल तर पानं पिवळी पडायला लागली की घोळका खणून काढा, कंद हाताने सुटे करा, मऊ पडलेले फेका आणि उरलेले लगेच अंतर देऊन लावा. पानं असतानाच खणण्याचा फायदा हा की कंद नेमके कुठे आहेत ते दिसतं.

माझ्या त्या साठ डॅफोडिलना पुन्हा नीट फुलायला दोन वसंत लागले. पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी एकोणीस, तिसऱ्या वर्षी मोजायचं सोडून दिलं. या वर्षीची कॅलेंडरवरची तारीख १२ जून आहे, आणि मशीनची चावी आईने कुठेतरी ठेवली आहे.